पीएफओएसचे समुद्री मॉडेल मोजमापांशी जुळत नसेल तर आधी काय तपासावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: समुद्रप्रवाहांच्या तयार फाइली उतरवून घेतल्या (१ अंशाच्या चौकटींची ग्रिड, मासिक सरासरी), मोठ्या नद्यांच्या मुखांशी पीएफओएसचा (गालिचे, कागद, आग विझवण्याचा फोम यांत वापरलेले, न मोडणारे फ्लोरिनयुक्त रसायन) स्रोत ठेवला आणि १९७० ते २०२० असा मॉडेलचा रन केला. उत्तर अटलांटिकच्या पृष्ठभागावर मोजमापांच्या सुमारे आठपट आकडा येतो. शिवाय उष्ण कटिबंधात हजार मीटर खोलीवरही पीएफओएस दिसते, मोजमापांत मात्र तिथे ते जवळजवळ नाही. ग्रिड पाव अंशाची केली तर हे सुटेल का, आणि हीच मांडणी पीसीबीला (विजेच्या जुन्या उपकरणांत वापरलेल्या क्लोरीनयुक्त रसायनांचा गट) चालेल का, असे तुम्ही विचारले आहे.

ग्रिडच्या प्रश्नाला माझे उत्तर ‘बहुधा नाही’, आणि पीसीबीच्या प्रश्नाला ‘नक्कीच नाही’. १ अंशावरून पाव अंशावर गेलात की आडव्या चौकटी सोळापट होतात, वेळेची पायरी चौथा हिस्सा करावी लागते, म्हणजे गणन चौसष्टपट. एवढा खर्च करण्याआधी चूक नेमकी कुठे आहे हे लॅपटॉपवर आठवड्याभरात कळू शकते, म्हणून सविस्तर लिहितो.

मोजमापांशी न जुळणाऱ्या आकड्यामागे तीन वेगवेगळे प्रश्न दडलेले असतात. समुद्रात माल किती आणि कधी आला? आलेला माल पाण्यातच राहिला, की हवेत उडाला, की कणांना चिकटून खाली गेला? आणि पाणी कुठे गेले? बारीक ग्रिड फक्त तिसऱ्या प्रश्नाला हात घालते, आणि तिन्हींपैकी तोच सर्वांत चांगला सुटलेला आहे. प्रवाहांवर गेली पन्नास वर्षे जगभरात काम झाले आहे. उत्सर्जनाच्या आकड्यांवर त्याच्या शतांशानेही नाही.

अर्थात हे तुम्हाला काय शोधायचे आहे यावर अवलंबून आहे. ठाण्याच्या खाडीतून बाहेर पडलेले रसायन डहाणूपर्यंत किती दिवसांत जाते, असा प्रश्न असता तर ग्रिड हाच मुद्दा ठरला असता. किलोमीटरभराची ग्रिड, भरती-ओहोटी, खाडीतला गाळ, सगळे लागले असते. जगाचा समुद्र आणि पन्नास वर्षे, हा हिशेब वेगळा आहे.

आधी कागदावरचा ताळा. पीएफओएस लिटरला पिकोग्रॅममध्ये मोजतात. लिटरला १ पिकोग्रॅम म्हणजे एका घन किलोमीटर पाण्यात १ ग्रॅम. हे एकक डोक्यात बसवून घ्या, पुढची बरीचशी तपासणी तोंडी होते. जगाच्या समुद्राचे क्षेत्रफळ सुमारे ३६ कोटी चौरस किलोमीटर. वरचे २०० मीटर घेतले तर ७.२ कोटी घन किलोमीटर पाणी. त्यात १,००० टन, म्हणजे १०० कोटी ग्रॅम, सारखे मिसळले तर १४ ग्रॅम प्रति घन किलोमीटर, म्हणजे लिटरला १४ पिकोग्रॅम.

आता उत्सर्जनाचे आकडे. ज्या मूळ रसायनापासून पीएफओएस आणि त्याचे भाऊबंद बनत, त्याचे १९७० ते २००२ मधले जागतिक उत्पादन सुमारे ९६,००० टन धरले जाते. पण पीएफओएसच्या रूपात हवा-पाण्यात गेलेल्या मालाचा अंदाज ४५० ते २,७०० टन इतकाच आहे. वरच्या हिशेबाने हे लिटरला ६ ते ३७ पिकोग्रॅम भरते, आणि खुल्या समुद्रात मोजमापे साधारण याच घरात येतात. उलट ९६,००० टनांचा आकडा उत्सर्जन म्हणून टाकला तर १,३०० पिकोग्रॅम येतील. उत्पादन म्हणजे उत्सर्जन नव्हे. बराचसा माल गालिच्यांत, कागदात, आग विझवण्याच्या फोममध्ये, कचराभूमीत आणि जमिनीत राहिला.

म्हणजे उत्सर्जनाच्या अंदाजातच सहापट रुंदी आहे. तुमची आठपट चूक बरीचशी तिथेच जिरते. प्रश्नात तुम्ही उत्सर्जनाची मालिका कुठून घेतली ते लिहिलेले नाही, म्हणून माझा पहिला संशय तिच्यावर. त्यातही तीन गोष्टी बघा. पहिली, वर्षवार आकार: ३एम कंपनीने मे २००० मध्ये हे उत्पादन थांबवण्याची घोषणा केली आणि २००२ पर्यंत ते बंद केले. त्यानंतर चीनमध्ये उत्पादन वाढले, आणि २००९ मध्ये स्टॉकहोम करारात (टिकाऊ विषारी रसायनांवरचा आंतरराष्ट्रीय करार) पीएफओएसवर निर्बंध आले. तेव्हा अमेरिका-युरोपच्या नद्यांना १९७० ते २०२० एकच स्थिर आकडा दिला असेल तर उत्तर अटलांटिक फुगणारच. दुसरी, लोकसंख्येच्या प्रमाणात वाटणी: सांडपाण्यातून येणाऱ्या भागाला ती चालते, पण रसायन कारखान्यांचे आणि विमानतळांच्या फोमचे स्रोत ठिकाणवार वेगळे टाकावे लागतात. तिसरी, नदीचे मुख: खारटपणा वाढला की पीएफओएस गाळाला जास्त चिकटते, म्हणून नदीत मोजलेले सगळे समुद्रात पोचले असे धरू नये.

आता रसायनाच्या स्वभावाकडे. सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे. एकाच गोणीतून निघालेल्या दोन रसायनांचे उदाहरण घेतो. आपल्याकडे शेतात आणि मलेरियाच्या फवारणीत वापरली गेलेली बीएचसी पावडर बऱ्याच वाचकांना आठवत असेल. तिच्यात साठ-सत्तर टक्के अल्फा-एचसीएच आणि पाच ते बारा टक्के बीटा-एचसीएच असे. अणू तेच, सूत्र तेच, फक्त क्लोरीनची रचना वेगळी. २५ अंश सेल्सियसला अल्फाचा हवा-पाणी वाटप गुणांक (हवेतली संहती, म्हणजे प्रमाण, भागिले पाण्यातली) सुमारे ०.०००३ आहे आणि बीटाचा ०.००००१५, म्हणजे वीसपट कमी.

या वीसपटीचे समुद्रावर काय होते ते मोजून बघा. पृष्ठभागावर दोन पातळ थर कल्पतात, एक हवेच्या बाजूचा आणि एक पाण्याच्या. दोघांचा विरोध मालिकेत जोडतात: हवा-पाण्यातल्या देवाणघेवाणीच्या एकूण वेगाचा व्यस्त म्हणजे पाण्याच्या बाजूच्या वेगाचा व्यस्त, अधिक (हवेच्या बाजूचा वेग गुणिले वाटप गुणांक) याचा व्यस्त. हवेच्या बाजूचा वेग सेकंदाला अर्धा सेंटीमीटर, म्हणजे दिवसाला सुमारे ४३० मीटर धरा, पाण्याच्या बाजूचा दिवसाला ३ मीटर. अल्फासाठी एकूण वेग दिवसाला ०.१२ मीटर येतो. ५० मीटरचा मिश्रथर (वाऱ्याने ढवळला जाणारा वरचा थर) हवेशी समतोलात यायला साधारण ४०० दिवस. बीटासाठी वेग ०.००६५ मीटर, आणि त्याच थराला लागणारी वेळ एकवीस वर्षे.

परिणाम आर्क्टिकमध्ये दिसला. अल्फा हवेतून उडत उत्तरेला गेले आणि गार पाण्यात उतरले. बीटा पावसाबरोबर उत्तर पॅसिफिकमध्येच पडले, पाण्यातच राहिले आणि बेरिंगच्या सामुद्रधुनीतून प्रवाहाबरोबर सावकाश आत शिरले. अल्फासाठी हवेचे मॉडेल नसेल तर सगळेच चुकते, बीटासाठी प्रवाह चुकले तर सगळे चुकते. पुढे चीनने १९८३ मध्ये आणि भारताने १९९७ मध्ये वापर बंद केला. हवेतले अल्फा झपाट्याने घटले, पाण्यातले मागे राहिले, आणि नव्वदीच्या सुरुवातीला बेरिंग-चुकची समुद्रांत अल्फाची देवाणघेवाण उलटी झाली: समुद्र हवेला परत देऊ लागला. देवाणघेवाणीची दिशा हवा आणि पाणी यांच्यातल्या फरकावर ठरते, म्हणून समुद्राला कायमचे शोषक मानणारे मॉडेल हे कधीच दाखवू शकले नसते.

पीएफओएस या पट्टीवर बीटाच्याही पलीकडे बसते. समुद्राच्या पाण्यात ते आयन स्वरूपात असते, हवेत वायू म्हणून जवळजवळ जात नाही, आणि ते मोडत नाही. त्यामुळे पाण्याबरोबर फिरणारा निष्क्रिय पदार्थ ही तुमची मूळ कल्पना पीएफओएससाठी बऱ्यापैकी बरोबर आहे. दोन दुरुस्त्या मात्र हव्यात. त्याची काही पूर्वरसायने हवेतून दूर जातात आणि मोडून पीएफओएस बनतात, म्हणून दूरच्या समुद्रावर थोडा पाऊसरूपी स्रोत ठेवा. आणि पीएफओएस साबणासारखे पृष्ठभागावर गोळा होते. फुटणाऱ्या बुडबुड्यांच्या फवाऱ्यात त्याचे प्रमाण मूळ पाण्यापेक्षा कितीतरी जास्त असते, त्यामुळे किनाऱ्याकडे थोडा माल परत जातो. समुद्राच्या एकूण साठ्याला याने मोठा फरक पडत नाही, किनाऱ्यावरच्या हवेला पडतो.

उत्तर अटलांटिकमधला एक भाग मात्र विसरू नका. लॅब्राडोर आणि नॉर्डिक समुद्रांत गार पाणी बुडते आणि पीएफओएसही सोबत नेते. अटलांटिकच्या उलथापालथीचा वेग २६.५ अंश उत्तरेला सेकंदाला सुमारे १.७ कोटी घनमीटर मोजला गेला आहे, म्हणजे वर्षाला ५.४ लाख घन किलोमीटर. लिटरला ३० पिकोग्रॅम धरले तर वर्षाला १६ टन खाली जातात. म्हणून लॅब्राडोरजवळ दोन हजार मीटरवर पीएफओएस दिसणे ही चूक नाही, तसे दिसायलाच हवे. तिथे जे खाली गेले ते आर्क्टिकला पोचत नाही. तुमची अडचण उष्ण कटिबंधातल्या हजार मीटरची आहे, आणि ती निराळी आहे.

ती अडचण जवळजवळ नक्की मॉडेलच्या खोट्या मिसळीची आहे. खऱ्या समुद्रात थर्मोक्लाइनमध्ये (तापमान झपाट्याने घटणाऱ्या थरात) पाणी उभ्या दिशेने फार थोडे मिसळते. १९९२ मध्ये पूर्व उत्तर अटलांटिकमध्ये सुमारे ३०० मीटर खोलीवर सल्फर हेक्साफ्लोराइड हा माग काढता येणारा वायू सोडून त्याचा पाठलाग केला गेला. त्यातून उभे विसरण (मिसळून पसरण्याचा दर) सेकंदाला ०.००००१ चौरस मीटरच्या आसपास निघाले. या वेगाने पन्नास वर्षांत पसरण्याची खोली (दोन गुणिले विसरण गुणिले वेळ, याचे वर्गमूळ) सुमारे १८० मीटर येते. म्हणजे फक्त विसरणाने उष्ण कटिबंधात हजार मीटरवर काही पोचायलाच नको.

आता तुमचे मॉडेल बघू. सर्वांत साधी अपविंड पद्धत (प्रवाह जिकडून येतो त्या चौकटीची संहती घेणारी) वापरली असेल तर ती स्वतःच आडवे विसरण आणते: वेग गुणिले चौकटीची लांबी भागिले दोन. सेकंदाला ०.१ मीटर वेग आणि १०० किलोमीटरची चौकट धरली की ५,००० चौरस मीटर प्रति सेकंद. हे आडवेच राहिले असते तरी एक वेळ चालले असते. पण समुद्रातले समघनता-पृष्ठ (सारख्या घनतेच्या पाण्याचे थर) तिरके असतात. आडवे विसरण त्या तिरक्या पृष्ठांना कापून जाते, आणि उताराच्या वर्गाने गुणून उभ्या विसरणासारखे वागते. उतार तीन हजारात एक धरला तरी ५,००० चे जवळजवळ ०.०००५५ होते, खऱ्याच्या पंचावन्नपट. पन्नास वर्षांत पसरण्याची खोली १८० वरून १,३०० मीटरवर जाते. तुमचे हजार मीटरवरचे पीएफओएस मला इथून आलेले दिसते.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही १ अंशावरच करता येतात. वाहून नेण्यासाठी वरच्या दर्जाची, मर्यादकासह (खोटे चढउतार रोखणाऱ्या अटीसह) असलेली पद्धत घ्या. आणि आडवे विसरण समघनता-पृष्ठांच्या दिशेने वळवा, सोबत भोवऱ्यांचा परिणाम धरणारी जेंट-मॅकविल्यम्स मांडणी ठेवा; एमआयटीजीसीएमसारख्या मॉडेलमध्ये हे पर्याय तयार आहेत. साध्या मध्य-फरक पद्धतीत (दोन्ही बाजूंच्या चौकटींची सरासरी घेणाऱ्या) नदीच्या मुखाशी ऋण संहती दिसू लागतात, आणि मग बरेच जण कोडमध्ये ‘ऋण असेल तर शून्य’ अशी ओळ घालतात. तसे करू नका. प्रत्येक वेळी शून्य केले की नसलेला माल तयार होतो, आणि पन्नास वर्षांत तो टनांत मोजण्याइतका होऊ शकतो. आठपटीतला थोडा वाटा इथून आला असण्याचीही शक्यता आहे.

तयार प्रवाह वापरणाऱ्यांची आणखी एक नेहमीची अडचण: फक्त तिन्ही दिशांचे वेग उतरवतात. भोवऱ्यांचा जादा वेग, उभ्या मिसळीचे गुणांक आणि हिवाळ्यातल्या बुडीची नोंद मागे राहते. वेग आपल्या ग्रिडवर आणताना उभा वेगही इंटरपोलेट करतात, मग आत आलेले पाणी आणि बाहेर गेलेले पाणी जुळत नाही. उभा वेग नेहमी आडव्या वेगांवरून, पाण्याच्या समतोलातूनच काढा. आणि ही चाचणी करा: सगळीकडे संहती १ ठेवा, स्रोत शून्य, वर्षभर चालवा. वर्षअखेर प्रत्येक चौकटीत १ च राहायला हवे. कुठे ०.९३ आणि कुठे १.०८ दिसले तर रसायनाबद्दल पुढचा एकही निष्कर्ष काढू नका, आधी ते दुरुस्त करा. सोबत दर वर्षाचा ताळेबंद लिहा: आतापर्यंत टाकलेला माल बरोबर पाण्यातला, गाळातला, मोडलेला आणि बाहेर गेलेला. फरक दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त असेल तर कोडमध्ये गळती आहे.

मासिक सरासरीबद्दल. वार्षिक सरासरीपेक्षा ती खूप बरी, पण मी शक्यतो पाच दिवसांच्या सरासऱ्या घेतो, कारण महिन्याच्या सरासरीत भोवरे आणि वादळी मिसळ पुसट होते. अरबी समुद्रासाठी तर ऋतुचक्र हाच जीव आहे. सोमाली प्रवाह उन्हाळी मान्सूनमध्ये ईशान्येला आणि हिवाळ्यात नैऋत्येला वाहतो. आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे आणि हिवाळ्यात उत्तरेकडे असतो. वार्षिक सरासरी घेतली की ही दोन्ही टोके एकमेकांना खोडतात आणि मुंबईसमोर टाकलेला माल जागीच घुटमळतो. नदीचा स्रोतही महिनावार द्या. कोकणातल्या नद्यांचे जवळजवळ सगळे पाणी जून ते सप्टेंबरमध्येच येते.

दोष मिसळीचा की उत्सर्जनाचा हे वेगळे करायचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे त्याच प्रवाहांत आधी सीएफसी-१२ (जुन्या फ्रिजमधला वायू) चालवणे. त्याचा हवेतला इतिहास वर्षवार माहीत आहे, समुद्रात ते मोडत नाही, आणि नव्वदीच्या दशकातल्या जागतिक सर्वेक्षणांची मोजमापे ग्लोडॅप संग्रहात खुली आहेत. सीएफसी-१२ सुद्धा तुमच्या मॉडेलमध्ये उष्ण कटिबंधात फार खोल गेले, तर मिसळ दोषी. सीएफसी-१२ जुळले आणि पीएफओएस जुळले नाही, तर दोष उत्सर्जनात किंवा रसायनाच्या वागण्यात. हा एक रन न करता पीएफओएसच्या आकड्यांशी झगडत बसणे म्हणजे काटा न तपासता माल तोलत बसणे.

प्रवाह ठीक निघाले की उत्सर्जनाचा प्रश्न सोडवायला एक सोय उपयोगी पडते. पीएफओएसचे समीकरण रेषीय आहे: दुप्पट टाकले तर सगळीकडे दुप्पट मिळते. म्हणून पन्नास वेगवेगळे उत्सर्जन-अंदाज घेऊन पन्नास रन करायची गरज नाही. जगाचे आठ स्रोत-प्रदेश आणि पाच दशके करा, प्रत्येक जोडीला स्वतंत्र ट्रेसर (मॉडेलमध्ये वेगळा माग ठेवलेला पदार्थ) द्या, प्रत्येकात एक टन टाका. चाळीस ट्रेसर एकाच रनमध्ये जातात. नंतर कुठलाही उत्सर्जन-अंदाज म्हणजे या चाळीस उत्तरांची वजनासह बेरीज, स्प्रेडशीटमध्येसुद्धा होते. मोजमापांवरून वजने उलट काढण्याचा मोह होईल. काढा, पण चाळीसच्या चाळीस नको. खुल्या समुद्रातली मोजमापे इतकी विरळ आहेत की चार-पाचपेक्षा जास्त गुणक त्यांच्यातून खात्रीने निघत नाहीत. आणि वजने ऋण येणार नाहीत अशी अट घाला.

एका बाबतीत पीएफओएसचे काम कार्बनच्या मॉडेलपेक्षा सोपे आहे. कार्बनसाठी हजारो वर्षांचा सुरुवातीचा समतोल लागतो. पीएफओएस विसाव्या शतकाच्या मध्यापूर्वी नव्हतेच, त्यामुळे शून्यापासून सुरुवात हीच खरी सुरुवात आहे. फक्त तुम्ही ती १९७० ला करता, तेव्हा त्याआधीचे थोडे उत्सर्जन सुटते. ते १९५० पासून लहान आकड्याने चढवत आणा.

आता पीसीबी. या गटातले पीसीबी-१५३ घेऊ. २५ अंशाला त्याचा हवा-पाणी गुणांक साधारण ०.००८. वरच्या सूत्रात घातला तर हवेची बाजू दिवसाला ३.५ मीटर आणि पाण्याची ३ मीटर, म्हणजे दोन्ही थरांचा विरोध सारखाच; एकही बाजू सोडता येत नाही. एकूण वेग दिवसाला दीड मीटरच्या वर, ५० मीटरचा थर महिन्याभरात हवेशी देवाणघेवाण करतो. म्हणजे पीसीबीचे समुद्री मॉडेल हवेच्या मॉडेलशिवाय अपुरे आहे. माल उडतो, गार जागी उतरतो, उन्हाळ्यात पुन्हा उडतो. हवेतली संहती नुसती वरून लादली तर हवा हा न आटणारा हौद होतो आणि ताळेबंद संपतो. पहिल्या फेरीला ते चालते, निष्कर्षाला नाही. गुणांक तापमानाप्रमाणे बदलायलाच हवा: हवा-पाणी बदलाची ऊर्जा मोलला ५० ते ६० किलोज्यूल असेल तर २५ अंशावरून शून्यावर येताना गुणांक सहा ते नऊपट कमी होतो. ध्रुवीय समुद्राला उष्ण कटिबंधाचा आकडा दिला की उत्तर तिथेच बिघडते. मिठामुळेही गुणांक थोडा वाढतो, साधारण ४० टक्क्यांपर्यंत. तो शेवटी घाला, आधी तापमान.

दुसरा फरक कणांचा. पीसीबी-१५३ सेंद्रिय कार्बनला इतके चिकटते की एक किलो कार्बन सुमारे २८ लाख लिटर पाण्यातल्याएवढा माल धरतो. खुल्या समुद्रात लिटरला ५० मायक्रोग्रॅम कणरूप कार्बन धरला तर बारा टक्के माल कणांवर असतो. हे थोडे वाटते, पण कण सतत खाली पडतात. चौरस मीटरला वर्षाकाठी २० ग्रॅम कार्बन खाली जात असेल तर तो ५६ मीटर पाण्यातला पीसीबी उपसून नेतो, म्हणजे मिश्रथर साधारण वर्षभरात एकदा धुतला जातो. हाच हिशेब अल्फा-एचसीएचला लावला तर कणांवर दहा हजारात एकच भाग येतो. तिथे कण विसरलात तरी चालते. खाली जाताना कार्बन कुजतो, नेहमीच्या मार्टिन वक्राने (खोलीबरोबर कार्बन किती घटतो ते सांगणारे सूत्र) १०० मीटरवरचा फक्त चौदा टक्के हजार मीटरवर उरतो, आणि सुटलेला पीसीबी मधल्या पाण्यात परत विरघळतो. सगळा माल तळाशी गेला असे धरणारी मॉडेले मधल्या थरांत फार कमी दाखवतात. किनाऱ्याजवळच्या उथळ समुद्रात गाळ हे वेगळे खाते ठेवा, आणि वादळात तो गाळ परत उसळतो हेही.

पीसीबीच्या उत्सर्जनाची अवस्था पीएफओएसपेक्षा वाईट आहे. उत्पादन सुमारे १३ लाख टन झाले हे बऱ्यापैकी माहीत आहे, पण त्यातले किती बाहेर पडले याच्या कमाल आणि किमान अंदाजांत शंभरपटीहून जास्त अंतर आहे. म्हणून पीसीबीला थेट त्रिमितीय मॉडेल न लावता आधी पेट्यांचे मॉडेल करा: हवा, मिश्रथर, खोल पाणी, गाळ, आणि पाच-सहा अक्षांश-पट्टे. पर्यावरण-रसायनाचे अभ्यासक डॉन मॅके यांनी रूढ केलेली फ्युगॅसिटीची (रसायनाच्या एका माध्यमातून निसटण्याच्या ओढीची) पद्धत यासाठी बनलेली आहे. लॅपटॉपवर एक रन काही सेकंदांत होतो, त्यामुळे उत्सर्जन, गुणांक आणि कार्बनची बरसात बदलत दोनशे रन एका दुपारी होतात. कुठला आकडा उत्तर हलवतो ते दिसले की मगच त्रिमितीय मॉडेलवर पाच-सहा निवडक रन करा.

मोजमापांशी तुलना करतानाही फसगत होते. मॉडेलची दशकाची सरासरी आणि बोटीने एका मार्चमध्ये पाच मीटरवर घेतलेला नमुना यांची तुलना करू नका. नमुन्याचा महिना, खोली आणि चौकट मॉडेलमधून वेचून काढा. पीएफओएसच्या जुन्या औद्योगिक मालात साधारण सत्तर टक्के सरळ साखळीचे आणि तीस टक्के फांद्यांचे रेणू असत. अहवालात फक्त सरळ मोजले आहेत की दोन्ही, ते तपासा, नाहीतर तिथेच तीस टक्क्यांचा फरक. पीसीबीच्या आकड्यात सात घटकांची बेरीज आहे की एकाचाच आकडा, पाणी गाळलेले की न गाळलेले, तेही बघा. शोधमर्यादेखालचे नमुने शून्य म्हणून भरू नका, ‘याहून कमी’ म्हणूनच वापरा. फरक लॉगरिदममध्ये मोजा. जागतिक मॉडेलसाठी तीनपटीच्या आत असणे चांगले जुळणे आहे. आठपटीवर मात्र कारण शोधावे लागते.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा चार गोष्टी सोबत द्या: उत्सर्जनाची वर्षवार मालिका आणि ती कशावरून बनवली, वाहून नेण्याची पद्धत कोणती आणि विसरण कुठल्या दिशेने, संहती १ च्या चाचणीत वर्षअखेरचा किमान आणि कमाल आकडा, आणि सीएफसी-१२ चा २० अंश उत्तरेचा उभा छेद. यावरून चूक तिन्हींपैकी कुठल्या प्रश्नात आहे ते सांगता येईल.